आवणीवाली

सोनीमावशी नव्या माणसाला नाव विचारत नसे. "हातानं काय करतेस?" एवढंच विचारायची. लग्नानंतर मी बोईसरजवळ कुंभवलीच्या चाळीत राहायला आले, तेव्हा शेजारच्या दारातून तिनं मलाही तेच विचारलं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांची इकडच्या माहीमला वाडी आहे. मिरची, केळी, पानवेली."

"वाडी बापाची. तू काय करतेस?"

"मी काही नाही. आमच्याकडे गडी असतात. तोडणीला बाया लावतो."

"बाया म्हंजे कोन?" ती रागावली नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. "बाय तर मीपन हाय, तूपन हायस. मिरची खुडते ती खुडनारी. तिला नुसतं बाया कशाला म्हनता?"

मावशी विक्रमगडकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिथं भाताचा लहानसा तुकडा होता, तिच्या नवऱ्याचा आणि दिराचा मिळून. नवरा, लखमाकाका, बोईसरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मावशी वर्षभर त्याच्यासोबत खोलीत राही. पण पावसात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला पाड्यावर जाई. परत आली की पंधरा दिवस तिच्या पायांच्या भेगांतला चिखल निघत नसे, आणि ती तो काढायची घाईही करत नसे.

"बी टाकनारी येगळी, रोप उपटनारी येगळी, झोडनारी येगळी," ती सांगायची. "शेतकरी शेतकरी म्हनतात, तो यातला कोन ते मला ठावं नाय. मी आवणीवाली. माज्या मागं वळ लागते." वळ म्हणजे रोपांची ओळ. ती पुढं लावत जाई आणि तिच्याकडं बघून बाकीच्या बायका आपली ओळ सरळ ठेवत.

मग लखमाकाकाची उजवी बाजू लुळी पडली. मूलबाळ नव्हतं. त्याला कूस बदलायला, भरवायला, धुवायला मावशीच. खोलीला एक दार, एक खिडकी, खिडकीसमोर कंपनीची भिंत. वास आला की खिडकीही बंद. पाऊस सुरू झाला की ती भांडी घासता घासता मला पाड्यावरची खबर दिल्यासारखी सांगायची, "आज रोप उपटलं असंल. उद्या खालच्या खाचरात उतरतील." कुणी तिला काही कळवलेलं नसायचं.

एकदा दवाखान्यात काकाला तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला सहज विचारलं, "मावशी, तुम्ही घरीच असता ना?"

"घरी नाय," मावशी म्हणाली. "अडकलीय."

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. ती मी घेतली.

अशी काही वर्षं गेली. एका पावसाळ्यात मी हट्टच धरला. "काकाला दोन दिवस मी आणि हे बघतो. तू जा." सकाळच्या एसटीनं गेली, ती त्याच संध्याकाळी परत. पाय कोरडे. काकाला पेज भरवून झाल्यावर बोलली.

"जावेनं खुर्ची मांडली माज्यासाठी. चा केला. मी खाचरात पाय घालायला गेली, तर पोरींनी हातातली रोपं काढून घेतली. म्हनल्या, पाहुनी हायस, बस."

"दीर काही बोलला नाही?"

"तो काय बोलंल? मी नव्हती तवर त्यानंच लावलं, त्यानंच राखलं. त्याचं चुकत नाय, बाय. तेच तर वाईट हाय."

काका गेला तेव्हा मला वाटलं, आता ही सुटली. पण ती खोलीतच राहिली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तांदूळ निवडायला जाऊ लागली. खाली बसून बसून गुडघे धरले होते. उठताना भिंत लागायची. "पाड्यावर जा ना," मी म्हणायची. "कोन म्हनून जाऊ?" एवढंच तिचं उत्तर.

पुढच्या पावसाळ्यात दीर स्वतः आला. ओली टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. त्याचा मुलगा आणि सून दोघं बोईसरला कामाला लागली होती, बायको तापानं पडली होती.

"वैनी, आवणीला घरचं मानूस नाय."

मावशीनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "माजे गुडघे गेले. मला वाकता येत नाय आता."

मी चहा आणला, तो त्यानं उभ्यानंच संपवला. "रोप वर आलंय," एवढंच पुन्हा म्हणाला. मावशी भिंत धरून उठली. दोन लुगडी पिशवीत भरली, किल्ली माझ्या हातात दिली.

आठवडाभरानं दिराच्या मोबाइलवरून तिचा फोन आला. पावसाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.

"लावतेस का गं?" मी विचारलं.

"कुठली लावते. बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून देते. सगळ्या ओरडतात माज्यावर, म्हातारे, हात चालव, हात चालव." मागून कुणीतरी खरंच ओरडत होतं. "ठेवते बाय. हाका मारतात."

आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं फोन ठेवला.