प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी

“सोमवारी मी कोर्टात उभी राहणार नाही, वकीलभाऊ,” असं म्हणून मार्थाक्का माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

शनिवारची दुपार. सोमवारी त्यांची उलटतपासणी, म्हणजे समोरचा वकील प्रश्न विचारून विचारून त्यांना खोटं पाडायला बघणार. अख्खा दावा या एका साक्षीदारावर उभा होता. जळगावच्या कोर्टात माझे केस पांढरे झालेत. साक्षीदार आयत्या वेळी फुटतात, ते मी पुष्कळ पाहिलंय. पण ही बाई फुटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. रिटायर्ड नर्स. बोलणं मोजकं, शब्दाला पक्की.

दावा असा होता. एरंडोलच्या बाजूला एका गावात जुनं चर्च आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदललीत. बाकी सगळं त्यांना विचारूनच लिहितोय. पाळक, म्हणजे उपासना चालवणारा धर्मगुरू, कोण असावा यावरून मंडळी फुटली. मंडळी म्हणजे त्या चर्चची माणसं. भाऊ इकडे, बहीण तिकडे, अशी गत. माझे पक्षकार शमुवेल नाना. ते चर्चच्या पंचांचे अध्यक्ष आणि मार्थाक्कांचे धाकटे दीर. चर्चचा ताबा आमच्याकडे. आमचं म्हणणं, दुसऱ्या गटानं कुलूप तोडून घुसखोरी केली, तेव्हा त्यांच्यावर मनाई हुकूम द्या. म्हणजे कोर्टानं त्यांना दारातच अडवावं. कुलूप तोडताना मार्थाक्कांनी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांचं शपथपत्र होतं.

“तब्येत बरी नाही का? पुढची तारीख मागून घेऊ.”

“तब्येतीला काय धाड भरलीय! उद्या प्रभुभोजन आहे.”

मी फैजपूरकडचा, केळीवाल्याच्या घरातला. मला त्यातलं काय कळणार? मग त्यांनीच सांगितलं. येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पण आधी आपलं मन तपासायचं. कुणाशी वाकडं असेल तर जाऊन मिटवायचं, मगच हात पुढे करायचा.

“मागच्या खेपेला मी पोट बिघडलं सांगून घरी राहिले. किती दिवस राहू? कुलूप कुणी तोडलं नाही, भाऊ. दार मी उघडलं.”

झालं होतं असं, की याकोब मास्तर वारले होते. ते दुसऱ्या गटातले. भर उन्हात त्यांची शवपेटी चर्चच्या दाराशी आणून ठेवली आणि दाराला कुलूप. नाना बाहेरगावी गेलेले. झाडलोटीसाठी दुसरी किल्ली मार्थाक्कांकडे असायची. मास्तरांची बायको रूथबाई पायरीवर बसून राहिली.

“ती मला एक शब्द बोलली नाही. नुसती माझ्या घराकडे बघत होती. मला बघवेना. उघडलं दार. त्या गडबडीत कुलूप कुठं गेलं कुणास ठाऊक. भाऊजी आले, दार सताड उघडं, कुलूप नाही. त्यांना वाटलं, तोडलं. मी भीतीनं गप्प बसले. मग तो कागद आला. सही केली. चष्मा लावून, वाचून केली. वाचलं नव्हतं असंही म्हणवत नाही.”

मी नानांना फोन करून बोलावून घेतलं. ऐकताच त्यांचा आवाज चढला.

“वहिनी! बठ्ठं, सगळंच मातीत घातलंत! साहेब, एवढं एकदा निभावून न्या.”

“नाना, मला आता खरं कळलंय. कळल्यावर खोटी साक्ष मी उभी करू शकत नाही.”

“मग दावा हरलो?”

“हरलो म्हणा. मागे घेतला तर निदान अब्रू राहील.”

नानांनी टेबलावरच्या फाईलवर हात ठेवला. अक्का पदराचं टोक पिळत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस फाईल उचलून दुसऱ्या वकिलाकडे जाणार. पण त्यांनी अक्कांकडे वळून विचारलं, “मास्तरांना पोचवताना गीत कोणतं म्हटलं?”

“तुम्ही दोघं नाताळात म्हणायचात तेच. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं. पण तुमचा आवाज धरायला कुणी नव्हतं, भाऊजी.”

शाळेपासूनचे दोस्त हे दोघं. जन्मभर गायनात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. नानांनी चष्मा काढला आणि हा एवढा दांडगा माणूस माझ्यासमोर हमसून हमसून रडला.

“मी बाहेरगावी नव्हतो, साहेब. घरातच होतो, खिडक्या लावून. दार कुणी कसं उघडलं ते मी पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं.”

अक्कांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले. मी उगाच फाईल चाळत बसलो.

“चला, वहिनी,” नाना उठले. “दिवस मावळायच्या आत रूथबाईकडे जाऊ.”

तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. रूथबाई प्रभुभोजनाला आली होती. नाना तिच्या शेजारी उभे राहिले. भाकरीचं ताट आलं तेव्हा त्यांचे हात इतके कापायला लागले, की रूथबाईनंच खालून ताट धरलं.

सोमवारी अक्कांनी शपथपत्रातलं खोटं स्वतः कोर्टापुढं कबूल केलं. जज्जसाहेबांनी कडक समज दिली. ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. पुढच्या तारखेला दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरशिस दिली, म्हणजे आमचं आपसांत मिटलं असा कोर्टाला अर्ज. किल्ली दोघांकडे. उपासना सकाळी एका गटाची, संध्याकाळी दुसऱ्याची; प्रभुभोजन मात्र एकत्र. पाळकावरून अजून कुरबुरी चालतात. परवाच नाना उपासनेतल्या ड्रमसेटवरून कुणाशी तरी भांडले म्हणे.

कज्जा चालवायला वकील पुरतो. तो मिटवायला खरं बोलणारं एक माणूस लागतं, आणि ते आपल्याच बाजूचं असावं लागतं. समोरच्याच्या खऱ्यावर आपण विश्वास ठेवतो कुठं?