बर्फाच्या अलीकडची रांग

बसा, चहा माझ्याकडून. पण एक अट आहे. मी आता जे सांगणार आहे त्याबद्दल मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, काही विचारायचं नाही. ती हा किस्सा दरवेळी थोडी भर घालून सांगते, आणि दरवेळी माझीच अब्रू थोडी अजून जाते. त्यापेक्षा मीच माझ्या हातानं घालवतो.

तर मी एकदा परदेशातला एक अख्खा डोंगर बंद ठेवला होता. होय, मीच. एकट्यानं. चांगला भर दुपारी.

तुम्ही म्हणाल, इथे सिंगापुरात जुरोंग आयलंडवर नोकरी करणारा हा साधा इंजिनियर कसला डोंगर बंद ठेवतोय? अहो, त्या नोकरीतच तर सगळी मेख आहे. मी परमिट देतो. आमच्या प्लांटमध्ये कोणाला साधा नट फिरवायचा असला तरी आधी माझी सही लागते. सकाळी घरून, वुडलँड्सहून, कंपनीची बस, मग आयलंडच्या नाक्यावर पास, प्लांटच्या गेटवर पास, युनिटच्या दारावर पुन्हा पास. पास घरी राहिला तर तुम्ही कोणाचेही जावई असा, आल्या पावली परत. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होणार? बंद दार दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. मेधा म्हणते, आपल्या घरातला फ्रीज उघडताना पण हा आधी इकडेतिकडे बघतो.

आता आईबद्दल सांगतो, कारण हा सगळा घाट तिच्यासाठी घातला होता. आई कराडच्या शाळेत भूगोल शिकवायची. वर्गात ती नुसती आली तरी मागच्या बाकापर्यंत शांतता व्हायची. बाबा गेले आणि मी तिला इथे सिंगापूरला घेऊन आलो. आली ती एकदम गप्प. आणि प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. "अवी, पंखा लावू का?" "अवी, खाली जाऊन येऊ का जरा?" ज्या बाईला हेडमास्तर विचारून सुट्टी जाहीर करायचे, ती पंखा लावायला माझी परवानगी मागते? मला ते फार लागायचं. आणि मी काय उत्तर द्यायचो माहितीये? "जा ना, पण सांगून जा."

एका संध्याकाळी माझी मुलगी सई भूगोलाचा अभ्यास करत होती. कोणकोणत्या देशांना समुद्र नाही, असं काहीतरी होतं. आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्यात काय, असे पुष्कळ आहेत. ज्याला समुद्र नाही आणि ज्याच्या एकाही शेजाऱ्याला समुद्र नाही, असा देश सांग बघू."

"गॉट सच कंट्री मेह, आजी?" सईनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, म्हणजे असा देश असतो तरी का?

"आहे की. लिक्टेनश्टाईन. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढा." आणि बाईसाहेब भाजी बाजूला सारून सुरू झाल्या. आल्प्स कसे झाले, बर्फ कुठल्या बाजूला जास्त टिकतं, कुरणात गाई कधी चढवतात. किती महिन्यांनी तिचा तो वर्गातला आवाज ऐकला मी. शेवटी पुन्हा भाजी जवळ ओढत म्हणाली, "एवढं शिकवलं खरं, पण बर्फ पाहिलं ते फ्रीजरमधलंच."

झालं. मी त्याच आठवड्यात रजा टाकली.

मित्रमंडळी म्हणाली, "अरे, स्वित्झर्लंडच करा ना. निदान फोटो टाकल्यावर लोकांना कळतं तरी." पण आम्ही ऐकतोय कसले. रविवारी रविवारी आईला बुकित तिमाच्या टेकडीवर चढवून सराव केला. ती न थांबता चढायची आणि वर पोचून माझी वाट बघत बसायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

देश खरंच छोटा. आपल्या सिंगापूरहूनही लहान. राजधानी म्हणजे एक लांबट रस्ता आणि वर कड्यावर तिथल्या राजाचा किल्ला. आपल्या वुडलँड्सच्या मॉलमध्ये शनिवारी जेवढी माणसं असतात, तेवढी त्या अख्ख्या गावात नसतील. पण पहिले दोन दिवस नुसता पाऊस. डोंगर कुठे आहेत हे नकाशात बघायचं आणि मान डोलवायची. आई खिडकीपाशी बसून म्हणायची, "असू दे रे, आलो ना आपण." शेवटच्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं. आम्ही बस पकडून मालबुन नावाच्या वरच्या गावी गेलो, तिथून लोंबत्या खुर्च्यांच्या लिफ्टनं डोंगराच्या माथ्यावर. आईला भीती वाटेल म्हणून मी तिचा हात घट्ट धरला होता. खुर्चीतून उतरल्यावर ती म्हणाली, "आता सोड, मुंग्या आल्यात."

वर काय दिसलं म्हणून सांगू. हिरवंगार कुरण, त्यात निळीपिवळी फुलं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि पुढे कड्याच्या सावलीत उरलेला बर्फाचा लांबलचक पांढरा पट्टा. पाच मिनिटांची चाल. आईनं तो बघितला. आणि सरळ चालायला लागली.

आणि मध्ये गेट आलं.

लाकडी गेट. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. तारेवर एक पिवळी पाटी, तिच्यावर विजेचं चिन्ह. खाली जर्मनमध्ये दोन ओळी. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करायचं? बंद गेट, विजेची तार, आणि हातात परमिट नाही. मी दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना थांबवलं.

"कोणी पुढे जायचं नाही."

सई म्हणाली, "बाबा, नो लॉक, वॉट."

"हात लावू नकोस. कोणीतरी येईल उघडायला."

"कोण येणार?" मेधानं विचारलं.

"ज्याचं काम आहे तो."

आई म्हणाली, "बरं."

आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी मागून एक कुटुंब आलं. एक आंटी, तिचा नवरा, मुलगी, जावई. आंटीनं आम्हाला ओळीत उभं बघितलं आणि विचारलं, "अंकल, क्यू आह?" कानावर पडताक्षणी कळलं, ही आपली सिंगापूरची माणसं. मी म्हटलं, "येस, क्यू." बास. आता सिंगापूरचा माणूस दुसरं काय वाटेल ते करील, पण लागलेली रांग सोडून पुढे जाईल का? ते चौघं मुकाट्यानं आमच्या मागे उभे राहिले. लिम आंटी तिचं नाव. तिनं इथल्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टेबल धरायला ठेवतात तसं टिश्यूचं पाकीट एका दगडावर ठेवलं, स्वतःची जागा धरली आणि फुलांचे फोटो काढायला निघून गेली.

मग एक जपानी जोडपं आलं, त्यांनी रांग बघून आम्हाला वाकून नमस्कार केला आणि मागे लागले. मग कुठलीशी कॉलेजची मुलं. बघता बघता रांग वळणापर्यंत गेली. आणि खरं सांगतो, मला आतून बरं वाटायला लागलं होतं. मी फेऱ्या मारून लोकांना तारेपासून लांब उभं करत होतो, "सिंगल फाइल प्लीज" म्हणत होतो. एकानं विचारलं, किती वेळ लागेल? मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "नॉट लाँग." कशाच्या जोरावर म्हटलं, ते विचारू नका.

आता खरी गंमत ऐका. गेटच्या पलीकडून एक तिथलंच म्हातारं जोडपं काठ्या टेकत आलं. त्यांनी गेट उघडलं, बाहेर आले, आणि आमची रांग बघून आजोबांनी गेट आमच्यासाठी धरून ठेवलं. हसून आत जायची खूणसुद्धा केली.

मी काय केलं असेल?

"नो, नो, थँक्यू," मी म्हटलं. "वी वेट." आणि त्यांच्या हातून गेट घेऊन मी स्वतः बंद केलं. व्यवस्थित. ती दोघं माझ्याकडे बघत राहिली. मी मागे वळून रांगेला समजावलं की हे लोक बाहेर पडत होते, बाहेर पडायला परवानगी लागत नाही, आमच्या प्लांटमध्येही असंच असतं. रांगेनं मान डोलवली. शिस्त म्हणजे शिस्त.

ऊन कलायला लागलं. मेधा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खाली जाणारी शेवटची खुर्ची चुकली ना, तर रात्री त्या गाईंबरोबर झोप तू." मी कड्याकडे पाहिलं. बर्फाचा पट्टा तिथेच होता, हाकेच्या अंतरावर, आणि उद्या सकाळी आमचं विमान. शेवटी मी हात टेकले. आईकडे गेलो आणि म्हटलं, "आई, आज काही जमेलसं दिसत नाही. पुढच्या वेळी येऊ आपण. नक्की."

आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही "बरं" म्हणणार. आणि तिनं "बरं" म्हटलं असतं ना, तर ते मला जन्मभर पुरलं असतं.

ती म्हणाली, "अवी, कडी आहे रे ती. साधी कडी. ते आजोबा बाहेर आले तेव्हाच पाहिली मी."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"तुझं रोजचं काम हेच ना? मला वाटलं, तुला काहीतरी माहीत असेल." मग म्हणाली, "पण तुला तर काहीच माहीत नाहीये."

पदर खोचला, पुढे गेली, कडी वर केली, गेट ढकललं आणि निघाली. मला विचारलं नाही. सांगितलंही नाही. चार पावलं गेल्यावर मागे न बघताच तो वर्गातला आवाज आला, "गेट धरून ठेव, आणि सगळे आले की लावून घे. गुरं बाहेर पडतील."

मी गेट धरलं. दुसरं काय करणार? मेधा गेली, जाता जाता "काखेत कळसा" एवढंच म्हणाली, गावाला वळसा मी मनातल्या मनात पुरा केला. सई गेली. लिम आंटीनं दगडावरचं टिश्यूचं पाकीट उचललं आणि तिचं सगळं घर आत गेलं. जपानी जोडप्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला. कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक जण मला "थँक्यू" म्हणून जात होता. एका मुलीनं तर माझ्याबरोबर फोटो काढला आणि विचारलं, मी या डोंगरावर किती वर्षं नोकरीला आहे?

शेवटचा माणूस आत जाईपर्यंत पहिले परत यायला लागले. म्हणजे मला पुन्हा गेट धरणं आलं. थोडक्यात, त्या गेटपलीकडे त्या दिवशी जाऊन न आलेला मी एकटा. मी आणि बाहेरच्या बाजूला चरणारी एक तपकिरी गाय.

पण तिथूनही मला दिसत होतं. आई बर्फापाशी पोचली, वाकली, दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. लिम आंटी तिच्या शेजारी उभी होती. दोघी काय बोलत होत्या देव जाणे, पण आई हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. गेट धरल्या धरल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, याला गवताची ॲलर्जी असावी. परत येताना तिनं माझ्या गालाला हात लावला. गारठलेला, ओला हात. "बघ," म्हणाली, "फ्रीजरमधलं असं भुसभुशीत नसतं." शेवटची खुर्ची मिळाली, हे सांगायला नकोच.

आता पुढचं. या लिम आंटी राहतात कुठे? सेंबावांगला. आमच्यापासून दोन स्टेशनं. त्या बर्फात दोघींनी फोन नंबर घेतले होते, मला पत्ताच नाही. आता दर मंगळवारी आई एमआरटीच्या मेट्रोनं तिकडे जाते. कधी दोघी बोटॅनिक गार्डनला, कधी कुठल्या तळ्याकाठी. आंटीच्या चार मैत्रिणीही सामील झाल्यात. घरी आलो की टेबलावर पोळीभाजी झाकलेली असते आणि आई नसते. विचारायचं बंद झालं, सांगायचंही बंद झालं. परवा तर कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियात जोहोरला जाऊन आली आणि मला कळलं ते फणसाच्या वासावरून.

मागच्या रविवारी त्या सगळ्या जणी आमच्याकडे पोहे खायला आल्या होत्या. मध्ये नकाशा पसरलेला. पुढच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातले डोंगर करायचे म्हणे, फक्त त्यांच्या त्यांनी. मी चहा घेऊन गेलो. लिम आंटीनं मैत्रिणींना माझी ओळख करून दिली, "धिस वन, द गेट मॅन." सगळ्यांनी मान डोलवली. म्हणजे ओळख आधीच झालेली होती.

मी ट्रे हातात धरूनच म्हटलं, "आई, मीही रजा टाकू का? तुम्हाला सोबत होईल."

आई आणि लिम आंटीनं एकमेकींकडे पाहिलं. मग आईनं नकाशावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला.

"ये की," ती म्हणाली. "पण आम्ही थांबणार नाही हं, पुढे जाऊ. तुझं गेट उघडायला कोणी आलं, की ये मागून."