शॅमेलिऑनची तहान आणि वेबरबाईंचं छत

नवशिक्याने शॅमेलिऑन, म्हणजे तो रंग बदलणारा सरडा, पाळू नये. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि त्या अनुभवाचा डाग खालच्या मजल्यावर वेबरबाईंच्या छताला अजून आहे.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आमच्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता आणि आमच्या लेकीला, ओवीला, प्राणी तर हवाच होता. दुकानदार म्हणाला, "पहिलाच प्राणी? मग गेको घ्या, साधी पाल. शॅमेलिऑन अनफेंगरसाठी नाही." अनफेंगर म्हणजे नवशिक्या! गाड्यांच्या काचा धुणारे पंप बनवणाऱ्या इंजिनिअरला हा नवशिक्या म्हणतो! मी तिरमिरीत शॅमेलिऑनच उचलला.

घरी आल्यापासून पठ्ठ्याने पाण्याला तोंड लावलं नाही. ओवी वाटी धरून बसायची. याचा एक डोळा वाटीवर, दुसरा माझ्यावर (तोही नापसंतीने).

"बाबा, एर ट्रिंक्ट निश्ट!" ओवी रडायलाच लागली.

"अहो, पोर म्हणतेय तो पाणी पीत नाहीये. मरेल तो!" बायको म्हणाली.

"मला कळतं जर्मन!"

"जर्मन कळतं हो. सरडा कळतो का?"

घरात नुकतंच डीएसएल इंटरनेट आलं होतं. त्यावर शोधलं तेव्हा कळलं, हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो.

"मग बाटलीने फवारते की मी," बायको म्हणाली.

बाटलीने? घरात पंपतज्ज्ञ असताना? मी भंगारातल्या गाडीचा पंप आणला, त्याला टायमर लावला, नळीचं एक टोक भल्यामोठ्या पिंपात, दुसरं पिंजऱ्यावर सोडलं आणि सगळे खरेदीला गेलो.

परत येतो तर टायमर अडकलेला, पिंप रिकामं आणि पाणी सगळ्या फरशीवर! शॅमेलिऑन काळाठिक्कर पडून, डोळे गच्च मिटून कोपऱ्यात बसलेला. अंगभर पाणी, पोटात थेंब नाही! तेवढ्यात बेल वाजली.

"मिस्टर कांबळे, माझ्या किचनमध्ये पाऊस पडतोय!" दारात वेबरबाई.

ओवीचे हुंदके ऐकून बाई थेट आत शिरल्या, पिंजरा बघितला, माझा पंप बघितला.

"आल्झो..." म्हणजे 'अस्सं...', एवढंच म्हणून त्या खाली गेल्या आणि झाडांवर फवारायची बाटली घेऊन आल्या. एका पानावर हलकेच फुस्स केलं. बराच वेळ काहीच नाही. मग एक डोळा उघडला, जीभ बाहेर आली. प्यायला! ओवीने बाईंना मिठीच मारली. (मला कोणी नाही.)

शॅमेलिऑन आता वेबरबाईंकडे राहतो. ओवी रोज शाळेतून आधी तिकडे जाते. बदल्यात बाईंनी मला एक कुंडी दिली, निवडुंगाची.

"अनफेंगरसाठी," त्या म्हणाल्या. "पण पाणी ओवीला घालू द्या."