रुमालाखाली जोखलेला चिरूट

वाचकहो, एखादी वस्तू तुम्हाला मनापासून आवडली, तर ती आवडली असे तुम्ही चारचौघांत तोंडाने सांगता का? घाईने हो म्हणू नका. मीही तसाच हो म्हणत असे.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसावर सगळ्या जगाची नजर वळली, तेव्हा मी अमरावतीच्या पेठेत एका दलालाच्या ओट्यावर लिहिण्याचे काम करत होतो. कापूस घेणाऱ्या एका साहेबाने गावाबाहेर बंगला भाड्याने घेतला होता. तिथे खरेदीदार जमत आणि चिरूट ओढत. पेट्या मुंबईहून येत, पण वाटेतल्या उन्हाने चिरूट वाळून जात. तेव्हा साहेब म्हणाला, जवळपास कोणी चांगला चिरूट वळत असेल तर आणा. पसंत पडला तर कायम त्याच्याकडूनच घेऊ.

असा माणूस मला ठाऊक होता. अकोल्याचे एक चाचा तरुणपणी पलटणीबरोबर त्रिचनापल्लीपर्यंत गेले होते आणि तिथे चिरूट वळायला शिकले होते. वरचे पान ते दक्षिणेतून मागवत, आतली पाने पातूरकडच्या मळ्यातली. चिरूट कसा पाहावा हे मी त्यांच्याच ओसरीवर शिकलो. आधी बोटांत हलकेच दाबायचा. कुठे पोकळ, कुठे गच्च लागता कामा नये. न पेटवता वास घ्यायचा. धूर छातीत ओढायचा नाही, जिभेवर फिरवून सोडायचा. राख झटकायची नाही, ती किती टिकते ते पाहायचे.

चाचांना या कामाची फार गरज होती. दोन वर्षे त्यांनी कापूस दाबण्याच्या कारखान्यात गाठी बांधल्या होत्या आणि त्या धुळीने त्यांची छाती धरली होती. हकिमाने बजावले होते, पुन्हा तिकडे फिरकू नका. साहेबाचे काम मिळाले असते तर ते घरी बसून चिरूट वळू शकले असते. नाहीतर कारखाना होताच.

रविवारी सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही चौघे बसलो: साहेब, माझा दलाल, साहेबाला कापूस विकणारे अंजनगावचे एक देशमुख आणि मी. चाचा पायऱ्यांपाशी उभे होते. तीन ताटांत तीन तऱ्हेचे चिरूट ठेवले होते. साहेबाच्या पेटीतला हवानाचा, एक मनिलाचा आणि चाचांचा.

दलाल म्हणाला, "साहेब, तोंडानं इचारसान त एकमेकाचं पाहून सांगतीन हे. आमच्या बाजारावानी रुमालाखाली एकेकाचा हात घेतो, त्यानं बोटं दाबून सांगाचं. पाच बोटं म्हंजे उत्तम, एक म्हंजे टाकाऊ."

साहेबाला गंमत वाटली. तो हो म्हणाला. निकाल मी आणि देशमुखांनी द्यायचा, असे ठरले.

हवानाचा चिरूट दिसायला देखणा, पण इतका वाळलेला की एका अंगाने भरभर जळत गेला आणि राख माझ्या धोतरावर पडली. मनिलाच्याला पेटीच्या लाकडाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. मग चाचांचा. काळसर, जरा ओबडधोबड. न पेटवता त्याला उकळत्या गुळासारखा वास येत होता. पहिल्या झुरक्याला जिभेवर मिरी चावल्यासारखे झाले, मग सावकाश भाजल्या हरभऱ्याची चव उतरली आणि शेवटपर्यंत राहिली. पांढुरकी राख दोन पेरे होईतो पडली नाही. देशमुखांनी डोळे मिटले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "काय जिन्नस हाय गा हा!"

आता आमच्या बाजाराची रीत सांगतो. कापसाची जी गाडी घ्यायचीच असे मनात ठरलेले असते, तिला पहिल्या हाताला, म्हणजे पहिल्या बोलीला, कमीच बोटे द्यायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. मग दुसरा हात, तिसरा हात, असे चढत जायचे. पहिल्याच हाताला खरे सांगणारा बाजारात मूर्ख ठरतो. दलालाने रुमाल पुढे केला. हवानाच्याला मी साहेबाच्या भिडेने चार बोटे दाबली, मनिलाच्याला तीन. चाचांच्याला, ज्याच्यासाठी मी तिथे आलो होतो, दोन. देशमुखांनीही दोनच दिली, हे त्यांनीच मला नंतर सांगितले.

आणि दलालाने रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "साहेब, तुमचाच पयला. हा गावचा सगळ्यांत मागं."

दुसऱ्या हाताची वाट पाहत मी हात पुढे धरून तसाच बसलो होतो. साहेबाला दुसऱ्या हाताची रीत ठाऊक नव्हती, त्याने "अच्छा" म्हणून विषय संपवला. त्याच्यापुढे हवानाचा अर्धा चिरूट विझून पडला होता आणि चाचांचा त्याने बोटे पोळेपर्यंत ओढला होता. ते मला दिसत होते, दलालाला दिसत होते. साहेबाच्या पेट्या मुंबईहून दलालाचा मेव्हणाच आणतो, हेही मला आधीपासून माहीत होते. तरी मी गप्प राहिलो. जो मी मुंबईची पत्रके पेठेत मोठ्याने वाचून दाखवत असे आणि सत्य बोला म्हणून लोकांना सांगत असे, तोच मी.

फाटकाबाहेर मी दलालाला धरले. "शेटजी, दुसरा हात का घेतला नाही?"

"साहेबानं मांगतला काय? आन तुले तोंड होतं नं. बोलाचं होतं."

माझा संताप झाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते म्हणून आणखी झाला. चाचा मागून सावकाश चालत आले.

"तू किती बोटं देल्ली बेटा?"

"दोन."

"मंग तू त्याले कापूस समजला. मले वाटे तुले तंबाखू समजते."

त्याच महिन्यात ते पुन्हा कारखान्यात गेले. गेल्या आठवड्यात भेटलो तर दोन वाक्यांमध्ये त्यांना दम खावा लागत होता. मी देशमुखांकडे गेलो, म्हटले, त्या दिवशी मला कानात सांगितलेत ते साहेबाला लिहून द्या. ते म्हणाले, "पाहू, कापसाचं होऊन जाऊ दे." चांगल्याला चांगले म्हणायलाही यांना हंगाम संपावा लागतो. दलालाने निदान स्वतःचा फायदा पाहिला. आम्ही कशासाठी एका माणसाची छाती पणाला लावली? सवयीसाठी.

मी दलालाचे काम सोडले आहे आणि साहेबाला चिठ्ठी लिहिली आहे. एकट्याच्या चिठ्ठीने होणार नाही. चाचा सुटीच्या दिवशी अजून थोडे चिरूट वळतात. तुमच्यापैकी जे ओढतात त्यांनी अकोल्यास जाऊन एक घ्यावा, पूर्ण ओढावा आणि जिभेला जसा लागला तसा, आड-पडदा न ठेवता, दोन ओळींत लिहावा. खाली आपली सही करा. आणि ती चिठ्ठी कोणा दलालाच्या हाती न देता या पंधरवड्यात अमरावतीस साहेबाच्या बंगल्यावर स्वतः नेऊन द्या.