भावाची जीप, माझी बोटं

ये, जवळ सरक जराशी. मी लिहून राहिली आन् तू कुठंतरी बसून वाचशील, तरी सरक. तुले रागवायचं आहे, आणि दुरून रागावणं मले जमत नाही. परवा करडी गावातल्या लग्नात, भर पंगतीत, चार बायांसमोर तू म्हणालीस, "माह्या बाबाले पोरीपेक्षा गाडी प्यारी होती." वाढणारी हसली. मी पानावरून उठले नाही. असं बोलतात का गं?

वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, ही माझी भाची. हिचा बाप माझा थोरला भाऊ. आम्ही आंबागडचे.

बांगलादेशच्या लढाईनंतर दोन-तीन सालांनी भावानं लिलावातली मिल्ट्रीची जुनी जीप आणली. चारही चाकांना जोर असलेली. तुमसरच्या बाजाराला जाणारी माणसं, रानातले बांबू, अडलेली बाळंतीण, सगळं त्याच गाडीत. पावसाळ्यात नाले ओलांडायची हिंमत दुसऱ्या कोणत्या गाडीत नव्हती. पण नाल्याचं पाणी चाकांत शिरायचं आणि सील खराब व्हायचं. सील म्हणजे रबराचं कडं, भोवती पत्र्याची पट्टी, बांगडीपेक्षा जाड. आतलं तेल आत ठेवायचं आणि बाहेरचा चिखल बाहेर, एवढंच त्याचं काम. ते गेलं की तेल दुधाळ चहासारखं होऊन ब्रेकवर उतरायचं. मग उतारावर गाडी कशी थांबणार?

म्हणून दर पावसाळ्यानंतर आमच्या अंगणात चाकं निघायची. नवरा वारल्यावर मी माहेरी आले होते. तुझी आई तू रांगत होतीस तेव्हाच गेली, म्हणून तू माझ्या कडेवर. भाऊ चाकामागचा ब्रेकचा लोखंडी ड्रम काढायचा, आतला दांडा बाहेर ओढायचा, रॉकेलनं पुसायचा आणि मला हाक मारायचा. जुनं सील जिथं घासतं तिथं दांड्याला कधी बारीक चर पडते. चर राहिली तर नवं सीलही गळतं. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच लागते. भाऊ म्हणायचा, "बाई, तुह्यं बोट फिरव. तांदूळ निवडणारं बोट आहे, त्याले खडा कळते."

मी फुशारून जायची. तुला खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि नख फिरवून सांगायची, इथं आहे, इथं नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, हिच्या हाती आता लाटणं नका देऊ, पाना द्या.

एका दिवाळीच्या आधी तो बांबू भरून किल्ल्याकडचा उतार उतरून आला. ब्रेक चिकटून राहिला होता. चाक काढून त्यानं ड्रमला हात घातला. मी ओसरीत तुझी वेणी घालत होते. मला वास आला, केस जळाल्यासारखा. मी म्हटलं, भाऊ, काहीतरी जळून राहिलं. तो चुलीकडे बघू लागला, मग गाडीखाली वाकून बघू लागला. तळहात त्या ड्रमवरच होता.

मी धावत जाऊन हात ओढला. कातडं तिथंच चिकटून राहिलं. तो ओरडलाही नाही. माझ्या तोंडाकडे पाहून खाली बसला आणि सांगितलं की आधी दोन बोटं बधिर झाली होती, मग तळवा. पाठीवर चट्टाही होता. त्याला चर लागत नव्हती, म्हणून माझं बोट लागत होतं. मला वाटायचं, मी हुशार.

महारोग हा शब्द तेव्हा कुजबुजतच बोलायचे. ज्या घरात निघाला त्या घराचं पाणी कोणी प्यायचं नाही. तू चार वर्षांची, आणि तो तुझ्या लग्नाचं बोलायला लागला. मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले, तिथं डॉक्टरांनी समजावलं, आता गोळ्या सुरू केल्या आहेत, पोरगी जवळ राहिली तरी चालेल. बाहेर आल्यावर मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, "रोग नाही लागणार बाई. नाव तर लागन ना."

आठवड्याच्या आत तुला जवाहरनगरला तुझ्या मामाच्या सरकारी क्वार्टरमध्ये नेऊन सोडलं. तिथं चांगली शाळा आहे, एवढंच सगळ्यांना सांगितलं. गावाला भाजलेला हात दिसत होता, बोटं वाकत गेली तेव्हा लोक म्हणाले, ड्रमनं हात खाल्ला. कोणी दुसरं विचारलं नाही. त्यानंतर सील मीच बसवायची. तो पाटावर बसून सांगायचा, लाकडी गुटका ठेव, चारी बाजूंनी सारखं ठोक, घाई करू नको.

आता तुझ्या रागाचा दिवस. तू दहा-अकराची असशील. आम्ही क्वार्टरसमोर गाडी उभी केली. मी बाजूला बसलेली, त्याचे हात स्टेअरिंगवर, वर टॉवेल टाकलेला. नेहमीसारखा खाऊ मी दिला. तू त्याच्या बाजूला जाऊन म्हणालीस, "बाबा, खाली उतरा ना. मामीनं चहा ठेवला."

कप धरायचा तर हात दाखवावे लागले असते, आणि तोवर न भाजलेल्या हाताचीही बोटं वाकली होती. तो म्हणाला, "नको बेटा. सील गळून राहिलं. गाडी उभी ठेवता येत नाही."

तू वाकून गाडीखाली पाहिलंस. जमीन कोरडी होती. ते सील मी आदल्याच दिवशी बसवलं होतं. तू उभी राहिलीस, आमच्याकडे पाहिलंस आणि आत गेलीस. पुढच्या खेपेला मामी एकटीच बाहेर आली, म्हणाली, ती अभ्यास करते. त्याच्या पुढच्या खेपेलाही अभ्यासच. तरी तो जात राहिला. घरी परत येताना त्यानं एकदा विचारलं, तुझी उंची वाढली असेल का.

पुढं नवीन औषधं आली, डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगितलं. वाकलेली बोटं तशीच राहिली. मी म्हटलं, आता जाऊन भेट. तो म्हणाला, तिच्यासाठी स्थळं पाहून राहिले आहेत, आत्ता नको. तुझं लग्न लागलं त्या दिवशी तो मांडवाच्या मागं आचाऱ्यांजवळ उभा होता. तुला कोणी सांगितलं नाही.

तो गेला तेव्हा तू आलीस, पायाशी उभी राहिलीस, संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. त्याचे हात मी शालीखाली घेतले होते. तसं त्यानंच सांगून ठेवलं होतं.

आता तुझ्याही पोरी आपापल्या घरी नांदत आहेत. कोणाचं काही अडणार नाही, म्हणून लिहिलं. तुला राग येईल, त्याचाही आणि माझाही. ये आणि माझ्यासमोर बसून रागाव. तुमसरवरून दुपारी एसटी निघते, मी फाट्यावर उभी राहते. धान कापणीला यायच्या आधी ये गं, माझंही वय झालं.