'काहून' म्हटल्याची शिक्षा

एका सरकारी खात्याच्या महिला व्हॉलीबॉल संघात मला वर्षाच्या करारावर घेतलं, तेव्हा आईनं रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत घरोघरी पेढे वाटले. वर्ष चांगलं गेलं तर नोकरी पक्की, नाही तर घरी परत. घर तसं दूर नव्हतं, पण नव्या रायपुरातल्या हॉस्टेलसमोर बस येईपर्यंत देव पाण्यात ठेवून उभं राहावं लागायचं.

पहिल्याच दिवशी जुन्या मुलींनी नियम सांगितला. नव्या मुलीनं तीन महिने फक्त "हव, दीदी", म्हणजे हो ताई, एवढंच म्हणायचं. कपडे धू. हव, दीदी. पाय चेप. हव, दीदी. मी मुळातच तोंडाळ. कर्णधार दीदीनं घामेजलेले मोजे धुवायला माझ्या अंगावर फेकले आणि माझ्या तोंडून गेलं, "काहून?"

घरातला वऱ्हाडी शब्द. हिंदीत 'क्यों' म्हटलं असतं तरी चूक तेवढीच होती, निदान हसं तरी झालं नसतं. सगळ्या पोट धरून हसल्या, माझं नावच 'काहून' ठेवलं आणि त्या दिवसापासून मला वाळीत टाकलं. माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

मी जेवायला बसले की बाकीच्या ताटं उचलून दुसरीकडे जायच्या. तेही सोसलं. पण व्हॉलीबॉल मुक्यानं खेळता येत नाही. चेंडू दोघींच्या मधे आला की एकीनं "मेरा" ओरडायचं असतं. बाहेर जाणार असेल तर मागचीनं "छोड़" सांगायचं. माझ्या वेळी सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. सोडायचा चेंडू मी धावून घ्यायचे, घ्यायचा तो मधेच पडायचा. कोच सर म्हणायचे, "इसको गेम समझ नहीं आता."

आई फोनवर विचारायची, "काय करून राहिली वं? मैत्रिणी झाल्या का?"

"झाल्या ना, खूप," मी सांगायचे.

दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक आवाज. फोन ठेवला की खोली खायला उठायची. इतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात महासमुंदकडची एक मुलगी संघात आली. तिनं पाय चेपायला सरळ नाही म्हटलं आणि वाळीत पडायची पाळी तिच्यावर आली. दुसऱ्या दिवशी सरावात चेंडू माझ्या डोक्यावरून जात होता आणि मागून कर्णधार दीदी ओरडली, "काहून, छोड़!" मी सोडला. तो बाहेर पडला, गुण आमचा. कुचेष्टेचं नाव, पण ते ऐकून मला आनंदानं रडू आलं. लाज वाटते सांगायला.

सराव संपल्यावर ती नवी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "दीदी, पानी कहाँ भरते हैं?"

मी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तीन आठवड्यांत ती सामान घेऊन गावी गेली. त्यानंतर कोच सरांनी मला बोलावलं. माझा खेळ सुधारला, नोकरीसाठी माझं नाव पाठवतोय, म्हणाले. मग विचारलं, "वो लड़की क्यों चली गई? तुमसे तो कुछ बोली होगी?"

"नहीं सर," मी म्हणाले, "वो किसी से बात ही नहीं करती थी."