चारपैकी दोन फंबल

ज्याच्यावर तुम्ही मनातून जळता, त्याच्या कामाची नोंद तुमच्या हातात आली, तर ती सरळ लिहाल का? मी लिहिली नाही.

२००५ साल. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या आमच्या ऑफिसात अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचे व्हिडिओ यायचे. प्रत्येक क्लिपवर खेळाडूचं नाव लावायचं, म्हणजे टॅग करायचं, हे माझं काम. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधून युरोपातल्या छोट्या लीगमध्ये आलेला टेरेन्स रनिंग बॅक होता. क्वार्टरबॅकने हातात दिलेला बॉल घेऊन समोरच्या धिप्पाड माणसांतून पळत सुटणारा. कॉलेजात असताना त्याच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहायचं. माझ्याच वयाचा. माझ्या कॉलेजात माझं नाव फक्त मस्टरला माहीत होतं.

त्याची कॉलेजपासूनची टेप शुक्रवारी अमेरिकेतल्या कोचना जाणार होती. ती पाहून ते त्याला मोठ्या लीगमध्ये परत बोलावणार, किंवा नाही.

गुरुवारी टेरेन्स टेप बघायला आला. सगळे ब्रेड-चीज टाकून फोटोला धावले. माझी लीड केतकीसुद्धा.

"तू नाही येत?" तिने विचारलं.

"काम आहे."

"काम कसलं, जळतोयस मेल्या!"

टेरेन्स माझ्या शेजारी बसला. यादीत त्याचे चार फंबल होते. फंबल म्हणजे बॉल हातातून निसटणं. रनिंग बॅकला याहून मोठा डाग नाही.

"यातला तिसरा माझा नाही," तो म्हणाला.

"सॉफ्टवेअर तुझंच नाव दाखवतंय."

"सॉफ्टवेअर खेळलं नाही, दोस्ता. क्वार्टरबॅकचा हात बघ."

केतकीने क्लिप स्लो केली. बॉल टेरेन्सपर्यंत पोचलाच नव्हता. क्वार्टरबॅकने तो आधीच सोडला होता. अशा वेळी फंबल बॉल देणाऱ्याच्या नावावर लागतो. सॉफ्टवेअर मात्र पळणाऱ्याचं नाव सुचवतं. म्हणून प्रत्येक फंबल स्लो करून बघायचा, हा आमचा नियम.

केतकी मराठीत म्हणाली, "बाकीच्यांचे स्लो करून बघितलेस?"

"हो."

"याचे?"

त्याच्या चारही क्लिपांवर मी नुसतं ओके दाबलं होतं. कॉलेजच्या गेटवर समतेची पत्रकं वाटणारा मी!

टेरेन्सला शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. तो हळूच म्हणाला, "बोलावणं आलं नाही, तर मी वडिलांच्या टायरच्या दुकानात. तू पुढच्या मॅचच्या क्लिपांना लागशील."

चारही क्लिपा पुन्हा पाहिल्या. दोन फंबल त्याचे नव्हतेच. नोंद दुरुस्त केली आणि चूक माझी होती असं खाली लिहून सही केली.

त्याला बोलावणं आलं. मला वॉर्निंग लेटर. खरं सांगतो, बोलावणं आल्याचं कळलं तेव्हाही आत काहीतरी टोचलंच. हेवा जात नाही. हेव्याच्या हातात ओकेचं बटण तेवढं द्यायचं नसतं.

तुमच्याही टेबलावर कुणाचं तरी अप्रेझल असेल, कुणाचा तरी पेपर असेल. जे नाव वाचून टोचतं, तो कागद आजच दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.